पैनगंगा निवळते तेव्हा

तेलुगूत 'मडुगु' म्हणजे डोह. आमच्या तलमडुगु गावाच्या नावातच पाणी आहे, पण होडी घालता येईल एवढं पाणी गावात नाही. मंडलातल्या ओढ्यांना आम्ही मराठी बोलतानाही 'वागू' म्हणतो. पावसाळ्यात ते रस्ते अडवतात आणि दसऱ्यानंतर चप्पल हातात घेऊन ओलांडता येतात. वल्हवायची हौस असेल, तर आदिलाबाद जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर, पैनगंगेवरच जावं लागतं.

यंदा दिवाळीनंतर आम्ही चुलत-मावस मिळून तिथे जायचं ठरवलं आहे: पाच मोठे, पाच मुलं आणि पाच कायाक. गेलं वर्षभर या एका दिवसाची तयारी चालू आहे. आपल्या मंडळातल्या बऱ्याच कुटुंबांचं गाव असंच कुठल्या तरी नदीच्या अलीकडे-पलीकडे आहे, म्हणून ही तयारी लिहून काढतो आहे. पैनगंगेच्या जागी आपापली नदी घालून वाचायला हरकत नाही.

सुरुवात पुतणीच्या प्रश्नाने झाली. मेघालयातल्या डावकीजवळच्या उमनगोट नदीचे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. पाणी इतकं नितळ की होडी हवेत तरंगते आहे असं वाटतं. पुतणीने विचारलं, "काका, आपल्या नदीत असं का नाही दिसत?" मी म्हटलं, "दिसतं की. पण आपण जातो तेव्हा नाही." आपण गावी जातो ते मे महिन्याच्या सुट्टीत. तेव्हा पैनगंगेचे तुकडे झालेले असतात. इथे एक डोह, तिथे एक डबकं आणि मधे तापलेली वाळू. नाहीतर गणपतीला जातो, तेव्हा नदी चहाच्या रंगाची. त्या दोन भेटींवरून मुलांनी नदीबद्दलचं मत बनवून टाकलेलं असतं. खरं तर उमनगोटसुद्धा पावसाळ्यात गढूळच असते. तिथे जाणारे लोक महिना बघून जातात, एवढाच फरक.

पाणी कुठून येतं?

जगात बारमाही झऱ्यांवर वाहणाऱ्या नद्या आहेत. अमेरिकेतल्या वाचकांपैकी काहींनी फ्लोरिडातली इचेटकनी नदी पाहिली असेल. तिचं पाणी जमिनीखालच्या चुनखडीतून उफाळून येतं आणि बाराही महिने साधारण २२ अंशांवर असतं. तिथल्या सिल्व्हर स्प्रिंग्जमध्ये काचेच्या तळाच्या होड्या एकोणिसाव्या शतकापासून चालतात, कारण तळापर्यंत सगळं दिसतं.

पैनगंगा तशी नाही. ती बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावते आणि सुमारे ६७६ किलोमीटर वाहून वर्धा नदीला मिळते. तिला पाणी देतो तो पाऊस. आमच्याकडे वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. काळ्या जमिनीवरून पळणारं ते पाणी माती घेऊनच नदीत उतरतं. अशा नदीत नितळपणा शोधायचा कुठे?

गंमत अशी की पाऊस थांबल्यावरही नदी वाहत राहते. ऑक्टोबरच्या अखेरीस आभाळ कोरडं, वागू बारीक झालेले, तरी पैनगंगेला धार असते. ते पाणी झऱ्यांचं. पावसाचा काही भाग जमिनीत मुरतो, मुरमाच्या आणि भेगाळलेल्या खडकाच्या थरांत साठतो आणि खालचा घट्ट थर लागला की आडवा सरकत सरकत काठातून बाहेर पडतो. कुठे तो झरा म्हणून दिसतो. बहुतेक ठिकाणी नुसता पाझर असतो, काठाचा दगड ओला राहतो एवढंच. वाळूत हातभर खड्डा केला की पाणी साचतं, त्याला आमच्याकडे झिरा म्हणतात. माझ्या आजीच्या पिढीने पिण्याचं पाणी असंच भरलं. माती मागे सोडून, गाळून आलेलं हे पाणी असतं. म्हणजे पैनगंगा ही वर्षातले चार महिने पावसाची नदी आणि त्यानंतर, जोवर साठा पुरतो तोवर, झऱ्यांची नदी.

चुनखडीच म्हणाल तर ती आमच्याकडेही आहे. आदिलाबादच्या आसपासच्या चुनखडीच्या आणि शेलच्या थरांना भूगर्भशास्त्रात पैनगंगा गट असंच नाव आहे, याच नदीवरून दिलेलं. आदिलाबादचा आता बंद असलेला सिमेंट कारखाना याच चुनखडीवर उभा राहिला. मग फ्लोरिडासारखे झरे इथे का नाहीत? फ्लोरिडाची चुनखडी त्या मानाने तरुण, समुद्री जीवांच्या कवचांची, पोकळ्यांनी भरलेली. आमची चुनखडी पृथ्वीवर कवचाचे प्राणी येण्याआधीची, दाबून घट्ट झालेली. तिच्यात तेवढं पाणी मावत नाही, आणि बऱ्याच भागावर वरून बेसाल्टचा थर आहे.

तरीही एक झरा बाराही महिने गरम पाणी देतो. किनवट तालुक्यात, पैनगंगेच्या काठी, उनकेश्वर आहे. ऊन म्हणजे गरम. रायगडातलं उन्हेरे, जळगावातलं उनपदेव ही नावंही त्याच कुळातली. शरभंग ऋषींचा रोग बरा व्हावा म्हणून रामाने बाण मारून हे पाणी काढलं, अशी तिथली कथा सांगतात. मुलांना कथा सांगायचीच, पण जोडीला हेही सांगायचं की खोल मुरलेलं पाणी पृथ्वीच्या पोटात तापतं आणि भेगेतून वर येतं. आमच्या सहलीची सकाळ उनकेश्वरापासूनच सुरू होणार आहे. झरा आणि नदी एकाच ठिकाणी दाखवता येईल अशी दुसरी जागा जवळपास नाही.

तीन-चार आठवडे

तारीख ठरवायला मी आधी हवामानाचे तक्ते काढले. मग काकांना फोन केला. त्यांनी उभा जन्म शेतीत काढला आहे. ते म्हणाले, "कार्तिकात पाणी निवळतं, हरभरा वर आला की उतरतं. मधे तीन-चार आठवडे आहेत, त्यात काय ते उरका."

माझ्या सगळ्या तक्त्यांचा अर्थ या दोन वाक्यांत होता. पाणी निवळायला पाऊस थांबून काही दिवस जावे लागतात. पण रब्बीची पेरणी झाली की काठावरच्या मोटारी सुरू होतात, विहिरी आणि बोअर उपसायला लागतात, आणि जे पाणी पाझरून नदीत येणार होतं ते वाफ्यात जातं. तेलंगणात १ जानेवारी २०१८ पासून शेतीला चोवीस तास मोफत वीज आहे; रात्री उठून मोटार लावायचे हाल संपले ही मोठीच गोष्ट. मात्र नदीच्या नितळ दिवसांची मुदत त्यामुळे पावसाइतकीच पंपावरही ठरते.

काकांचं म्हणणं मोजून बघावं म्हणून गेल्या वर्षी मी तीन फेऱ्या मारल्या. मोजायचं साधन सोपं आहे. १८६५ साली आंजेलो सेक्की या इटालियन पाद्री-शास्त्रज्ञाने भूमध्य समुद्रात पांढरी तबकडी सोडून ती कुठवर दिसते ते मोजलं होतं. आजही पाण्याचा नितळपणा तसाच मोजतात. मी घरातली पांढरी बशी आणि दगड जाळीच्या पिशवीत घातले आणि दोरीला हाता-हातावर गाठी मारल्या. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात बशी एका हातावर दिसेनाशी झाली. नोव्हेंबरच्या मध्यावर साडेतीन हात खाली गेली तरी दिसत होती. जानेवारीत डोहाचा तळच दिसत होता, पण दोन डोहांमधल्या उथळ जागी पाणी घोट्याएवढं होतं, तिथे होडी खांद्यावर घ्यावी लागली असती. म्हणून नोव्हेंबर.

कुठला टप्पा?

पैनगंगेवर वल्हवायचं म्हणजे आधी बरेच टप्पे गाळायचे. इस्लापूरजवळचा सहस्रकुंड धबधबा बघायचा, त्याच्या जवळपास होडी घालायची नाही. पैनगंगा अभयारण्याच्या हद्दीतून जाणारा टप्पा वनखात्याच्या परवानगीशिवाय नाही. कोरटा आणि चनाखा या गावांदरम्यान दोन राज्यांनी २०१६ साली करार करून बांधायला घेतलेलं बॅरेज आहे, तिकडेही नाही. शिवाय वरच्या अंगाला इसापूरचं धरण आहे. परतीचा पाऊस जोरात झाला आणि त्याचे दरवाजे उघडले, तर त्या आठवड्यात जायचं नाही, मग सुट्टी वाया गेली तरी चालेल.

राहिला तो उनकेश्वराच्या खालचा भाग. तिथून पुढे नदी राज्याची सीमा होते: डाव्या काठाला यवतमाळ जिल्हा, उजव्या काठाला आदिलाबादचं भीमपूर मंडल. मुलांना हे फार आवडलं आहे की एकाच वल्ह्याने दोन राज्यांत पाणी मारता येईल. त्यांना आणखी एक सांगणार आहे. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांकडे गेला आणि तेव्हापासून ही नदी निजामाच्या राज्याची हद्द झाली. किनवट तालुका तर १९५६ पर्यंत आमच्या आदिलाबाद जिल्ह्यातच होता. रेषा सरकत राहिल्या, सोयरिकी मात्र दोन्ही काठांना होत राहिल्या. आमच्या घरातल्या दोन सुना नदीपलीकडच्या आहेत.

यातला नऊ किलोमीटरचा तुकडा आम्ही निवडला. संथ पाण्यात मुलं बरोबर असताना तासाला तीन किलोमीटर धरावेत. म्हणजे तीन तास वल्हवणं, दोन तास थांबणं, खेळणं, बशी सोडणं. नोव्हेंबरात आमच्याकडे सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो. सकाळी नऊला पाण्यात आणि दुपारी अडीचला बाहेर, असं वेळापत्रक आहे. नऊच्या आधी नाही, कारण आदिलाबादची थंडी तेलंगणात प्रसिद्ध आहे. भिजलेलं मूल वाऱ्यात कुडकुडायला लागलं तर सहल तिथेच संपते.

हा तुकडा मी आणि काकांच्या ओळखीचे एक भोई काका आधी एकदा त्यांच्या होडीतून पाहून आलो. नकाशावर जे दिसत नाही ते अशा वेळी कळतं. त्यांनी चार गोष्टी दाखवल्या.

पहिली, बंधारा. कोल्हापुरी बंधाऱ्यांना पावसाळा संपताना दरवाजे बसवतात. मग वरच्या बाजूला पाणी तुंबतं आणि खालच्या बाजूला उतरतं. बंधाऱ्यावरून पातळ चादरीसारखं पाणी पडत असेल तर ते निरुपद्रवी दिसतं, पण पायथ्याशी ते गोल फिरत राहतं आणि माणसाला आत ओढतं. आमच्या टप्प्यात एक बंधारा आहे. त्याच्या शंभर पावलं आधी सगळ्यांनी उतरायचं आणि होड्या काठाने उचलून न्यायच्या.

दुसरी, वाळू उपशाचे खड्डे. गुडघाभर पाण्यात चालताना पुढचं पाऊल एकदम पुरुषभर खोल जाऊ शकतं. नितळ पाण्यातसुद्धा खोली फसवते. म्हणून होडीतून उतरल्यावरही लाइफ जॅकेट काढायचं नाही.

तिसरी, मोटारींचे पाइप आणि वायरी. त्या काठाला हात लावायचा नाही.

चौथी, जाळी. दोन खुंट्यांमधलं जाळं तुटलं तर कोणाचं तरी दोन दिवसांचं पोट तुटतं. जाळं दिसलं की वळसा.

होड्या आणि माणसं

फुगवायच्या होड्या स्वस्त आणि न्यायला सोप्या, पण पुरात वाहून आलेल्या बाभळीच्या फांद्या काठाला अडकलेल्या असतात. एक काटा पुरतो. म्हणून हैदराबादहून कठीण प्लॅस्टिकच्या, दोघांनी बसायच्या कायाक भाड्याने घेऊन छोट्या हत्तीत टाकून आणणार आहोत. महामार्ग ४४ ने आदिलाबाद तीनशे किलोमीटर पडतं. मुंबईचा भाऊ नंदीग्राम एक्सप्रेसने किनवटला उतरेल.

प्रत्येक होडीत एक मोठा आणि एक मूल. सर्वांत पुढे भोई काका त्यांच्या होडीत, सर्वांत मागे चांगलं पोहणारा एकजण. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी, दोन होड्यांत लांब दोर. एक गाडी रस्त्याने शेवटच्या गावी जाऊन थांबेल. भोई काकांना दिवसाची मजुरी आधीच ठरवून दिली आहे. ती 'मदत' नाही, ते आमचे वाटाडे आहेत. दोन्ही काठांच्या गावांत, तिकडे पोलीस पाटलांना आणि इकडे सरपंचांना, आगाऊ सांगून ठेवलं आहे.

सर्वांत मोठी परवानगी आईची होती. तिने यादी ऐकली आणि म्हणाली, "पैनगंगेत पोहणारेच बुडतात." यावर वाद घालण्यासारखं काही नव्हतं. ज्याला पोहता येतं तोच पुढे जातो, हे तिने आयुष्यभर पाहिलं आहे. शेवटी तिने अट घातली: ती स्वतः शेवटच्या गावी भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा घेऊन बसेल, आणि तीन वाजेपर्यंत दहाही जण दिसले नाहीत तर पुढच्या वर्षी कोणी नाव काढायचं नाही. वेळापत्रकातलं 'अडीच' त्या तीनवरून आलं आहे.

मुलांची मागणी होती काठावर तंबू ठोकून राहायची. ती नामंजूर झाली, आणि कारण त्यांना आवडलं. पलीकडच्या टिपेश्वर अभयारण्यातले वाघ नदी ओलांडून आदिलाबादेत येतात. २०१९ साली तिथलाच रेडिओ कॉलर लावलेला एक तरुण वाघ या भागातून चालत चालत, १३०० किलोमीटरहून जास्त भटकून, बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. म्हणजे जिथे पैनगंगा उगम पावते त्या जिल्ह्यात. ज्याने नदीचा एवढा मुलूख पायाखाली घातला, त्याच्या वाटेवर आपण तंबू ठोकू नये. रात्री मुक्काम तलमडुगुलाच.

पाणी आधी कोणाचं?

एक प्रश्न थोरल्या भाच्याने विचारला आणि तो अजून डोक्यात आहे. "आपण मजेसाठी जाणार. पण मोटारी बंद असत्या तर डिसेंबरमध्येही जाता आलं असतं ना?" आलं असतं. काकांची स्वतःची मोटार आमच्या वागूवर आहे आणि तो वागू शेवटी पैनगंगेलाच जातो. त्या हरभऱ्यावर आमच्या घरातली शिक्षणं झाली, माझंही. त्यामुळे 'नदी वाचवा' अशी पाटी घेऊन त्यांच्यासमोर उभं राहण्याचा अधिकार मला वाटत नाही.

पण मोजण्याचा अधिकार आहे. पाऊस किती पडला याची नोंद सरकार ठेवतं. पाणी कधी निवळलं, किती हात निवळलं आणि कुठल्या आठवड्यात होडी टेकायला लागली, याची नोंद आपल्या गावच्या टप्प्यासाठी कोणी ठेवत नाही. काकांच्या डोक्यात ती आहे, भोई काकांच्या डोक्यात आहे, आणि त्यांच्या पुढच्या पिढीतलं कोणी गावात राहणार नाही. म्हणून सहलीबरोबर एक वही सुरू करतो आहोत. दरवर्षी त्याच तीन डोहांत मुलं बशी सोडतील, तापमान घेतील, काठावर ओले दगड कुठे दिसतात ते लिहितील आणि काकांना विचारून हरभरा कधी पेरला तेही लिहितील. दहा वर्षांनी ही मुलं कमावती होतील तेव्हा त्यांच्या हातात दहा आकडे असतील. नितळ दिवस कमी होत असतील तर तेव्हा काकांशी, सरपंचांशी, पलीकडच्या पाटलांशी बोलायला काहीतरी असेल. ठिबकबद्दल, शेततळ्याबद्दल, वागूवर पाणी मुरवण्याबद्दल.

एखाद्या वर्षी पाऊस ओढ देईल आणि नोव्हेंबरातच पाणी घोट्यापर्यंत असेल. तेव्हा काय करायचं हेही ठरलं आहे. कायाकचं भाडं वाचवायचं, भोई काकांची मजुरी मात्र द्यायची, आणि तोच नऊ किलोमीटरचा टप्पा काठाकाठाने, जिथे जमेल तिथे पात्रातून, चालत जायचा. बशी तेव्हाही बरोबर असेल. आईची भाकरी तीन वाजेपर्यंत थांबेल.